सदस्यत्व घेताना तीन स्क्रीन, सोडताना अकरा: आपल्या ॲपच्या रचनेबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या आरोग्यविषयक ॲपचे सदस्यत्व रद्द करण्याची प्रक्रिया, आपोआप नूतनीकरण आणि किंमत दाखवण्याची पद्धत यांबाबत दुसरी तक्रार व परताव्याची मागणी

संदर्भ: आमची पहिली तक्रार आणि त्यावर आपल्याकडून आलेले लेखी उत्तर

महोदय / महोदया,

आमच्या पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाने तीन वाक्यांत उत्तर दिले: सर्व माहिती स्क्रीनवर उपलब्ध होती, ग्राहकांनी अटी मान्य केल्या होत्या, म्हणून परतावा देता येत नाही. यातले पहिले वाक्य आम्हाला मान्य आहे. माहिती होती. पण ती कुठे होती, कोणत्या क्षणी समोर आली, किती बारीक अक्षरांत होती आणि तिच्या शेजारी कोणते बटण होते, हे सगळे आपण ठरवलेत. माणूस निर्णय कसा घेतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेली पन्नास वर्षे हेच दाखवून दिले आहे की, तीच माहिती वेगळ्या मांडणीत दिली की निर्णय बदलतो. आपल्या रचनाकारांना हे ठाऊक आहे, नाही तर बटणांचे रंग असे निवडले गेले नसते. त्यामुळे ग्राहकाने नीट वाचले नाही, एवढे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

पुढे लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्या कार्यालयातल्या कोणालाही फोन हातात घेऊन अर्ध्या तासात तपासता येईल. आमची विनंती आहे की उत्तर लिहिण्याआधी ती खरोखर तपासावी.

सदस्यत्व घ्यायला तीन स्क्रीन लागतात: योजना, पैसे, खात्री. सोडताना मात्र पुढची वाट चालावी लागते. पहिली स्क्रीन प्रोफाइलची. दुसरी सेटिंगची, तिथे ‘सदस्यत्व’ हा शब्दच नाही, तो ‘माझे फायदे’ या नावाखाली दडवलेला आहे. तिसऱ्या स्क्रीनवर फायद्यांची लांबलचक यादी आणि अगदी तळाशी ‘योजना बदला’. चौथीवर तीन महागड्या योजना, खाली करड्या अक्षरांत ‘इतर पर्याय’. पाचवीवर पुन्हा पासवर्ड, जरी माणूस लॉगिन केलेलाच असला तरी. सहावीवर कारण सांगण्याची सक्ती, आणि ‘सांगायचे नाही’ असा पर्याय नाही. सातवीवर काय काय गमावाल याची यादी, आजवर साठलेल्या नोंदींच्या आकड्यासह. आठवीवर अर्ध्या दरात राहण्याचा प्रस्ताव, नववीवर ‘काही महिने थांबा’ असा दुसरा प्रस्ताव, दहावीवर खात्री. आणि एवढे करूनही सदस्यत्व रद्द होत नाही. ईमेलवर एक दुवा येतो, ही अकरावी पायरी; तो २४ तासांत दाबला नाही तर सगळी विनंती बाद होते आणि सुरुवात पुन्हा पहिल्या स्क्रीनपासून.

दहाव्या स्क्रीनकडे आपण विशेष लक्ष द्यावे. प्रश्न आहे: ‘सदस्यत्व रद्द करायचे आहे का?’ खाली दोन बटणे. ठळक रंगाचे बटण म्हणते ‘रद्द करा’, फिके बटण म्हणते ‘पुढे जा’. मराठी वाचणारा कोणीही ‘रद्द करा’ दाबेल. ते दाबले की खिडकी बंद होते आणि सदस्यत्व तसेच चालू राहते, कारण ते बटण सदस्यत्व रद्द करण्याची विनंतीच रद्द करते. सदस्यत्व संपवायचे असेल तर ‘पुढे जा’ दाबावे लागते. खिडकी मिटल्यावर कोणताही संदेश येत नाही, म्हणून माणूस काम झाले असे समजून निघून जातो आणि पुढच्या महिन्यात पैसे कापले गेल्यावरच त्याला कळते. भाषांतर करताना झालेली ही चूक असेल असे क्षणभर मानले, तरी पहिल्या तक्रारीत आम्ही ती दाखवून दिल्यावरही ती तशीच आहे. ‘हो, सदस्यत्व संपवा’ आणि ‘नाही, चालू ठेवा’ एवढे दोन मजकूर बदलायला एक दिवससुद्धा लागत नाही.

अकरा पायऱ्यांचा परिणाम किती होतो, याचा साधा हिशोब मांडून पाहा. समजा सोडून जायला निघालेल्या शंभर जणांपैकी प्रत्येक पायरीवर फक्त ५ टक्के गळाले. शेवटी ५७ जणच बाहेर पडतात. गळती १० टक्के धरली तर ३१. बाकीच्यांनी राहायचे ठरवलेले नाही, ते वाटेत दमले. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी २०१८ मध्ये या प्रकाराला ‘स्लज’, म्हणजे चिखल, असे नाव दिले. माणसाला त्याच्या भल्याच्या निर्णयाकडे हलकेच वळवणे वेगळे आणि त्याने घेतलेला निर्णय अमलात आणू न देणे वेगळे, हा त्या शब्दामागचा फरक आहे.

शिवाय आपल्या धंद्यात अडथळ्याची गरजही फारशी नाही, कारण माणसे आपणहूनच उशीर करतात. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांतल्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदींवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मासिक सदस्यांनी शेवटचे येणे आणि सदस्यत्व रद्द करणे यांत सरासरी २.३ महिने जाऊ दिले, आणि तेवढे दिवस पैसे भरत राहिले. आळस, उद्या करू ही वृत्ती, आपण नक्की जाणार हा स्वतःबद्दलचा विश्वास, या माणसाच्या नेहमीच्या सवयी आहेत. त्यांच्यावर कोणतीही कंपनी काही प्रमाणात कमावतेच. त्यावर आणखी अकरा पायऱ्या चढवणे याला मात्र आमचा ठाम विरोध आहे.

सवलतीचा प्रस्ताव द्यायला आमची हरकत नाही, हेही स्पष्ट करतो. एकदा, एका स्क्रीनवर, ‘नको’ म्हणण्याची तितकीच ठळक सोय ठेवून दिलेला प्रस्ताव योग्यच आहे आणि काही सदस्यांना तो हवाही असतो. पण सध्या त्या प्रस्तावाला नकार देण्याचे बटण म्हणते: ‘नको, मला तब्येतीची पर्वा नाही’. पैसे भरणाऱ्या सदस्याच्या तोंडी हे वाक्य घालणे अपमानास्पद आहे. ते ताबडतोब काढावे.

आता खरेदीच्या बाजूकडे येतो. ‘सवलत संपायला १५ मिनिटे’ असे उलटे मोजणारे घड्याळ खोटे आहे. तपासण्याची रीत सोपी आहे: पान खासगी विंडोत उघडा, घड्याळ पुन्हा १५:०० पासून सुरू होते, शून्यावर गेल्यावर पान ताजे करा, दर तोच राहतो. ‘आत्ता ३७ जण ही योजना पाहत आहेत’ ही ओळ त्याहून वाईट. पान उघडल्यावर फोनचे इंटरनेट बंद करा. आकडा तरीही ३५, ३८, ३६ असा हलत राहतो. सर्व्हरशी संपर्कच नसताना हलणारा आकडा पानातच तयार होतो, त्याचा खऱ्या माणसांशी काही संबंध नाही. हा रचनेतला दोष नाही, हे असत्य विधान आहे, आणि त्याची जबाबदारी तशीच ठरेल.

पैसे भरण्याच्या पानावर ‘संरक्षण योजना’ या चौकटीत आधीच टिक केलेली असते. आधीच निवडलेला पर्याय किती जड असतो हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते: अवयवदानासाठी स्वतःहून होकार द्यायचा असेल तर ४२ टक्के लोक तयार झाले, होकार आधीच धरून नकाराची सोय ठेवली तेव्हा ८२ टक्के. एवढी ताकद असलेले साधन कोणी मागितली नाही अशी वस्तू गळ्यात मारायला वापरले जात आहे. युरोपीय संघाने २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशातच अशी आधीची टिक ग्राहकाची संमती म्हणून धरता येत नाही, आणि तिच्यापोटी घेतलेले पैसे परत करावे लागतात, असे ठरवले.

किमतीचेही तसेच. पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात मासिक दर असतो. रक्कम मात्र वर्षाची एकदम कापली जाते. ‘सेवा शुल्क’ आणि कर शेवटच्या पानावर उगवतात. तिकिटे विकणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावर २०१५ मध्ये लाखो वापरकर्त्यांवर झालेल्या चाचणीत, शुल्क सुरुवातीला न दाखवता शेवटी दाखवलेल्या गटाने सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. शुल्क दोन्ही गटांना दाखवले होते, फक्त वेळ वेगळी होती. ‘माहिती उपलब्ध होती’ हे आपले उत्तर इथेच कोसळते.

आपल्या उत्तराच्या शेवटी एक आश्वासन होते: मदत विभागात सदस्यत्व रद्द करण्याची माहिती देणारे नवे पान टाकू. ते आम्हाला पुरेसे वाटत नाही, आणि त्याला आधार आहे. ब्रिटनच्या वित्तीय आचार प्राधिकरणाने विम्याच्या नूतनीकरणावर तीन लाखांहून अधिक ग्राहकांवर चाचण्या केल्या होत्या. माहितीपत्रके पाठवली, नूतनीकरणाची सूचना सोप्या भाषेत लिहिली, फरक जवळजवळ पडला नाही. पण त्याच सूचनेवर गेल्या वर्षीचा हप्ता यंदाच्या हप्त्याशेजारी छापला, तेव्हा कंपनी बदलणाऱ्या किंवा दर कमी करून घेणाऱ्यांचे प्रमाण ११ ते १८ टक्क्यांनी वाढले. एप्रिल २०१७ पासून तो आकडा छापणे बंधनकारक झाले. योग्य आकडा निर्णयाच्या क्षणी, निर्णयाच्या जागी हवा. कोपऱ्यातल्या मदत पानाने हे होणार नाही.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले की आमची पद्धत सौम्य आहे, कोणाला जबरदस्ती नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुगुरी आणि स्ट्राहिलेविट्झ यांच्या प्रयोगात सौम्य क्लृप्त्यांनीही एका नको असलेल्या सेवेला होकार देणाऱ्यांची संख्या दुपटीहून जास्त झाली, आक्रमक क्लृप्त्यांनी जवळजवळ चौपट. आक्रमक प्रकाराने लोक चिडले, सौम्य प्रकाराने चिडले नाहीत, आणि कमी शिकलेले लोक सौम्य प्रकाराला अधिक बळी पडले. तक्रारी कमी येतात म्हणून नुकसान कमी आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

नियामकही आता याकडे निव्वळ जाहिरातीचा प्रश्न म्हणून पाहत नाहीत. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार संपवण्याचे स्पष्ट नावाचे बटण आणि त्यामागे थेट खात्रीचे पान असावे लागते. भारताने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे काढून १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप भर, लाजवून होकार घेणे, सदस्यत्वाचा सापळा आणि टप्प्याटप्प्याने किंमत दाखवणे हे वर लिहिलेले पाचही प्रकार त्यात आहेत. अमेरिकेत ॲमेझॉनने प्राइम सदस्यत्वाच्या प्रकरणात २०२५ मध्ये, चूक मान्य न करता, अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली आणि त्यातले दीड अब्ज ग्राहकांच्या परताव्यासाठी आहेत. रद्द करण्याचा प्रयत्न करून अडकलेले सदस्यही त्या परताव्यास पात्र धरले गेले.

आमच्या मागण्या याच धर्तीच्या आहेत. सर्वांत महत्त्वाची परताव्याची. कोण कोणत्या स्क्रीनपर्यंत पोहोचले याची नोंद आपल्याकडे आहे. जे सदस्य चौथ्या किंवा त्यापुढच्या स्क्रीनपर्यंत गेले, वाटेत थांबले आणि त्यानंतर ज्यांनी ॲप एकदाही वापरले नाही, त्यांना त्या दिवसापासून कापलेली सर्व रक्कम मूळ खात्यात परत करावी. कूपन किंवा ॲपमधील शिल्लक या स्वरूपात नको. त्यासाठी सदस्यांकडून वेगळा अर्ज मागू नये; नाही तर परताव्याच्या वाटेवरही तीच गळती होईल. दहाव्या स्क्रीनवर ‘रद्द करा’ दाबलेल्यांना तर वापराची अट न लावता परतावा मिळावा.

रचनेबाबत: सोडण्याच्या पायऱ्या घेण्याच्या पायऱ्यांहून जास्त नसाव्यात, म्हणजे तीन. ‘सदस्यत्व रद्द करा’ हे शब्द सेटिंगच्या पहिल्याच पानावर हवेत. कारण विचारायचे तर रद्द झाल्यानंतर, ऐच्छिक. दोन्ही बटणे एकाच आकाराची, एकाच ठळकपणाची. रद्द झाल्याची पोच लगेच, तारखेसह. मोफत काळ संपण्याच्या किमान तीन दिवस आधी आठवण, तिच्यात कापली जाणारी पूर्ण रक्कम, तारीख, मागच्या महिन्यात ॲप किती दिवस वापरले तो आकडा आणि रद्द करण्याचा थेट दुवा. वापराचा आकडा सर्वांत उपयोगी ठरेल, कारण माणूस स्वतःच्या वापराबद्दल बहुधा जास्तीचा अंदाज करतो. एकूण रक्कम पहिल्याच पानावर, टिकच्या चौकटी रिकाम्या, खोटे घड्याळ आणि खोटा आकडा बंद.

याशिवाय या स्क्रीनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आपण ज्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या, त्यांची नोंद आम्हाला हवी आहे: कोणत्या आवृत्त्या, किती सदस्यांवर, आणि यशाचे माप काय धरले. नवी रचना तपासताना ‘किती जण थांबले’ एवढे एकच माप धरू नये. थांबलेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या ३० दिवसांत ॲप उघडले, किती जणांनी परतावा मागितला, आणि ‘तुमचे सदस्यत्व आत्ता चालू आहे का?’ या प्रश्नाला किती जणांनी बरोबर उत्तर दिले, हेही मोजावे.

या पत्राची पोच ४८ तासांत आणि मुद्देनिहाय लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. सर्व अकरा स्क्रीनची चित्रे, इंटरनेट बंद असताना हलणाऱ्या आकड्याचे ध्वनिचित्रमुद्रण आणि कापलेल्या रकमांचा तक्ता सोबत जोडला आहे. मुदतीत उत्तर न आल्यास हेच पत्र जोडपत्रांसह ग्राहक संरक्षण नियामकाकडे जाईल. आपण स्क्रीन बदलल्यात तर जुन्या स्क्रीन, त्यांच्या तारखा आणि चाचण्यांची नोंद पुसू नये, अशी स्पष्ट सूचना या पत्राद्वारे देत आहोत.

आपल्या सेवेचे सशुल्क सदस्य

सोबत: स्क्रीनची चित्रे (११), ध्वनिचित्रमुद्रण (१), रकमांचा तक्ता (१), पहिल्या तक्रारीची व आपल्या उत्तराची प्रत