पंपाला चाके असताना तो ट्रेलरवर का?

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, नांदगाव तिठ्याजवळ आमचा ट्रेलर उभा असलेला तुम्ही पाहिलात आणि रात्री फोनवर विचारलेत, "पंपाला स्वतःची चाके आहेत, इंजिन आहे, मग त्याला दुसऱ्या गाडीच्या पाठीवर कशाला चढवता?" एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला पडावा असाच हा प्रश्न आहे. फोनवर दोन वाक्यांत दिलेल्या उत्तराने तुमचे समाधान झाले नाही, हे तुमच्या "बरं, बरं" वरून कळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईच्या मनातली काळजी वेगळी आहे, तिच्याबद्दलही लिहिते.

तुमचे म्हणणे एरवी बरोबरच आहे. बूम पंप, म्हणजे घडीच्या लांब हाताने काँक्रीट उंचावर पोचवणारे यंत्र, हा मुळात ट्रकच्या चासीवर बसवलेला असतो आणि गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यातून तयार होऊन निघणारी अशी यंत्रे बहुतेक वेळा स्वतःच्या चाकांवरच मुंबईपर्यंत जातात. मात्र ती चालवणे म्हणजे साधा ट्रक चालवणे नव्हे. कणकवलीहून गच्च भरून निघालेली तुमची गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत हळूहळू रिकामी होत जात असे, पण पंप कधीच रिकामा होत नाही. घडी केलेला पोलादी हात, त्याचा फिरणारा बैठा भाग, काम करताना जमिनीवर टेकवायचे चार जॅक, काँक्रीट ओतायचे मागचे पात्र म्हणजे हॉपर आणि पाण्याची टाकी हे सगळे ओझे कायमचे चासीवर असते, आणि त्यातला बराच भाग चालकाच्या डोक्याच्याही वर असतो. त्यामुळे वळणावर तो साध्या ट्रकपेक्षा फार लवकर कलतो. आई, हा हात म्हणजे काँक्रीट वर पोचवणारा नळ असे समज. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर पाणी मारण्यासाठी असेच लांब हाताचे पंप वापरले होते. त्यांपैकी अमेरिकेतला प्रचंड आकाराचा एक पंप अँतोनोव्ह विमानाने नेण्यात आला, पण विमानतळापर्यंत त्यालाही रस्त्यानेच जावे लागले होते.

तुम्ही पाहिलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी होती. पनवेलजवळच्या एका बांधकामावर काँक्रीट सोडत असताना त्याच्या एका जॅकखालची नवी भरावाची माती खचली, यंत्र एका अंगावर कलले आणि हाताचा टोकाचा भाग इमारतीच्या सळयांवर आदळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण चासीला पीळ बसला आणि पुढचा एक्सल सरळ राहिला नाही. अशी गाडी स्वतःच्या चाकांवर पाचशेहून अधिक किलोमीटर गोव्यापर्यंत आणणे शक्यच नव्हते. हात क्रेनने उतरवून वेगळा आणण्याचाही विचार झाला होता. पण ज्या कड्यावर तो फिरतो ते कडेही वाकले असावे असा वर्कशॉपच्या लोकांना संशय होता, आणि यंत्र आहे त्या स्थितीत, काहीही न हलवता बघायला मिळावे असा त्यांचा आग्रह होता. म्हणून लो-बेड, म्हणजे बुटक्या पाटाचा, ट्रेलर मागवला.

आता खरी अडचण उंचीची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 93 व्या नियमाप्रमाणे मालवाहू गाडी 2.6 मीटरपेक्षा रुंद आणि 4 मीटरपेक्षा उंच असता कामा नये. 2020 पर्यंत उंचीची ही मर्यादा 3.8 मीटर होती. घडी केलेला पंप स्वतःच 3.9 मीटरच्या आसपास भरतो आणि लो-बेडचा पाट जमिनीपासून 90 सेंटिमीटर वर असतो, म्हणजे एकूण उंची 4.8 मीटर झाली. अशा मालासाठी खास परवानगी घ्यावी लागते आणि ती महाराष्ट्रासाठी वेगळी, गोव्यासाठी वेगळी. परवानगीशिवाय निघालेल्या गाडीला माल ठरलेल्या मापाबाहेर गेल्याबद्दल 20,000 रुपये दंड होतो आणि माल उतरवण्याचा खर्चही तिच्याच मालकाच्या माथी बसतो. वजन जास्त भरले तर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये. तुमच्या काळात पावती फाडून गाडी पुढे जात असे, आता तसे निभत नाही.

परवानगीचा कागद हातात आला तरी रस्त्यावरची अडचण त्याने सुटत नाही. बांधकामावरून महामार्गाला येण्याच्या जवळच्या वाटेवर रेल्वेचे फाटक होते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी चौकट उभी असते, तिच्याखालून जास्तीत जास्त 4.67 मीटर उंचीची गाडी जाऊ शकते, म्हणजे आमचा ट्रेलर तिथे अडकणार हे उघड होते. शेवटी हायड्रा, म्हणजे छोटी फिरती क्रेन, बोलावून यंत्र उचलले, त्याची सगळी चाके काढली आणि चासी लाकडी स्लीपरांवर बसवली. त्याने उंची फूटभर उतरली आणि ट्रेलर चौकटीखालून गेला, पण वर वीतभरसुद्धा जागा उरली नव्हती. काढलेली चाके मागून टेम्पोत आली. तिठ्यावर तुम्हाला चाकांशिवायचे यंत्र दिसले आणि तरीही तुम्ही "चाके आहेत" म्हणालात, याचे मला गंमतीने नवल वाटले.

वजनकाट्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. यंत्राच्या कागदांवर लिहिलेल्या वजनापेक्षा काटा अडीच टनांनी जास्त दाखवत होता. ऑपरेटरने हातोडी घेऊन हातावरच्या पाइपवर ठिकठिकाणी ठोकून पाहिले, तर रिकाम्या पाइपचा खणखणीत आवाज कुठेच येईना, सगळीकडे बद्द आवाज. अपघात चालू कामात झाला होता, आणि त्या गोंधळात पाइप धुवायचे राहून गेले, म्हणून आतले काँक्रीट तसेच आळून बसले होते. 125 मिलिमीटर व्यासाच्या पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण 12 लिटर, म्हणजे जवळजवळ 30 किलो काँक्रीट मावते. या यंत्राच्या हाताची पोच 42 मीटर, त्यामुळे सव्वा टन ओझे एकट्या पाइपांत, तेही सर्वांत वरच्या भागात, आणि उरलेले हॉपरमध्ये घट्ट झालेले. असे ओझे माथ्यावर घेऊन परशुराम घाट उतरायला आमच्या चालकाने साफ नकार दिला आणि मला तो पूर्ण पटला. क्लॅम्प सोडून तीन-तीन मीटरचे पाइप उतरवायला दिवस गेला, हॉपर मात्र तसाच आणला, कारण त्याचे वजन खाली होते. निघायला उशीर झाला म्हणून यंत्राच्या मालकाने फोनवर पुष्कळ आवाज चढवला. या धंद्यात ज्याला माल हवा असतो त्याला तो काल हवा असतो.

बांधणीबद्दल तुम्ही विचारले नव्हते, पण सांगण्यासारखी आहे. धडकलेल्या यंत्रात हात धरून ठेवणारा तेलाचा दाब उतरतो, त्यामुळे घडी केलेला हात खड्ड्याखड्ड्याला थोडा थोडा उघडू पाहतो. म्हणून तो त्याच्या टेकणीला वेगळ्या साखळदंडाने बांधावा लागतो आणि टोकाचा रबरी पाइप काढूनच घ्यावा लागतो, नाहीतर तो लोंबून मागच्या गाडीच्या काचेवर यायचा. चासीच्या चारही कोपऱ्यांना आडव्या-तिरक्या साखळ्या आणि त्या ताणायचे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, असतात. पहिल्या काही किलोमीटरनंतर आणि पुढेही अधूनमधून थांबून त्या पुन्हा आवळायच्या, कारण लाकडी स्लीपर ओझ्याने दबतात आणि साखळी ढिली पडते. नांदगावला ट्रेलर उभा होता तो चहासाठी नव्हे, याचसाठी. चहा झाला तो वेगळा.

वाटेबद्दल तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो, कारण मुंबई-गोवा रस्ता तुमच्या इतका मला कुठला माहीत असणार? पण आमची वाट तुमच्याहून वेगळ्या गोष्टींनी अडते. घाटाचे भय तुम्हाला होते तेवढे आता राहिलेले नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून ती जुनी वळणे टळतात, आणि नव्या उड्डाणपुलांखाली उंचीही पुरेशी असते. त्रास होतो तो माणगावच्या बाजारपेठेत, जिथे केबलच्या आणि विजेच्या तारा रस्त्यावरून लोंबत असतात, आणि गावोगावच्या स्वागत कमानींचा. कमानींपेक्षाही वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक वाईट, कारण कमान निदान काल होती तिथेच आज असते. म्हणून पायलट गाडी पुढे जाते. तिच्या बोनेटवर मालाच्या उंचीपेक्षा थोडी उंच काठी उभी असते. ती ज्या तारेला लागेल तिथे ट्रेलर थांबवायचा आणि सुक्या, वीज न वाहणाऱ्या काठीने तार उचलून धरायची. विजेची तार असेल तर मंडळाचा माणूस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

पुलांवर मात्र मीही तुमच्याइतकीच गंभीर असते. महाडला सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या, तेव्हा तुम्ही डेपोतून घरी आलात आणि जेवला नाहीत, हे मला आठवते. तो पूल ब्रिटिश काळातला होता. आता तिथे नवा पूल आहे आणि तो भक्कम आहे, पण जड माल पुलावरून न्यायची आमची पद्धत सर्वत्र एकच: मागची वाहतूक थोडा वेळ रोखायची, पुलाच्या मध्यावरून चालण्याच्या वेगाने जायचे आणि मध्येच ब्रेक लावायचा नाही. पन्नास टनांच्या घरातले ओझे पुलावर असताना ब्रेक लावला तर तो हिसका पुलाच्या खांबांपर्यंत पोचतो. आमचा चालक महाडला पूल संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. गोव्यात झुआरीचा नवा पूल 2022 च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून आमची मोठी सोय झाली. जुन्या पुलावर जड वाहनांना बंदी असल्याने पूर्वी बोरीवरून वळसा घ्यावा लागे. 1986 मध्ये पणजीचा मांडवी पूल कोसळल्यानंतर फेरीबोटीच्या रांगेत किती तास जायचे, हे तुम्ही सांगायचात. तसे दिवस आमच्या वाट्याला आले नाहीत.

आई, आता तुझ्यासाठी. मी ट्रेलरवर बसत नाही, मागून किंवा पुढून पायलट गाडीत असते, आणि रात्री आम्ही चालवत नाही. अंधारात तारा दिसत नाहीत, हे पहिले कारण. पोलादपूरला आणि राजापूरला मुक्काम होता, खोली बरी होती आणि जेवण घरच्यासारखे नव्हते तरी गरम होते. बरोबरची माणसे वयाने माझ्याहून मोठी आहेत, मला "मॅडम" म्हणतात आणि उंची मोजायची काठी माझ्याच हातात देतात. ऑफिसात बसून परवानगीचे कागद भरण्यापेक्षा हे काम मला आवडते, हे तुला आवडणार नाही याची कल्पना आहे.

गणपतीला मी येणार की नाही, याची चिंता करू नका. त्या दिवसांत शासन मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालते, त्यामुळे चाकरमानी गावाकडे निघतात तेव्हा आमचे ट्रेलर उभे असतात. मी आदल्या दिवशीच पोचेन.

बाबा, एक काम आहे. दरड किंवा दुरुस्ती यांमुळे बोगदा बंद झाला तर ट्रेलर जुन्या कशेडी घाटातून न्यावा लागेल, आणि त्या घाटाचे आमच्याकडे असलेले नकाशे वळणांची अरुंदता सांगत नाहीत. कोणत्या वळणावर समोरून गाडी आली की तुम्हाला मागे घ्यावी लागे, आणि कुठे थांबायला जागा मिळे, हे पोलादपूरकडून खेडकडे अशा क्रमाने लिहून ठेवा. गणपतीत येईन तेव्हा तुमच्याजवळ बसून ते नकाशावर मांडून घेईन.

तुमची,
थोरली