टेबलटॉप ट्रायपॉडबद्दल

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,

सीवूड्सच्या नव्या घराच्या बाल्कनीतून खाडी दिसते, म्हणून पक्षी बघायच्या स्कोपसाठी (एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीसाठी) मोठा ट्रायपॉड विकून टेबलावर ठेवायचा छोटा, म्हणजे टेबलटॉप, घ्यावा का, असं तू विचारलंस. टेबलटॉप जरूर घे, पण मोठा विकू नकोस. डीपीएस तलावाच्या काठी किंवा टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत उभं राहून बघायचं, तर टेबलटॉप ठेवणार कशावर? आणि ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीने जाशील तेव्हा दोन्ही घरीच ठेव. हलत्या बोटीत साधी दुर्बीणच बरी.

तुझा स्कोप ६५ मिमी भिंगाचा, तिरप्या आयपीसचा (डोळा लावायची नळी वर वळलेली), म्हणजे निम्मं काम झालंच. टेबल साधारण ७५ सेंमी उंच, त्यावर ट्रायपॉड आणि हेड (वरचा फिरणारा भाग) मिळून २५ ते ३० सेंमी. खुर्चीत बसल्यावर तिरपी आयपीस बरोबर डोळ्याखाली येते, मान जरा झुकवली की झालं. सरळ आयपीस असती तर पाठ वाकवून बसावं लागलं असतं.

आता खरी गोष्ट हेडची. दुकानात या छोट्या ट्रायपॉडवर बहुधा बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड, लावून देतात. कॅमेऱ्याला ते ठीक. स्कोप मात्र लांबट असतो. पक्षी सापडला म्हणून गोळा घट्ट करायला जावं, तर स्कोप हळूच नाक खाली घालतो आणि पक्षी हातचा जातो. दांडीवालं छोटं पॅन हेड घे, वर-खाली आणि आडवं वेगवेगळं फिरणारं. खोक्यावर लिहिलेलं वजन जेमतेम पुरेल असं हेड घेऊ नकोस. स्कोप आयपीससकट दीड किलो धर आणि निदान चार किलो पेलणारं हेड बघ.

स्कोप हेडवर बसवायची प्लेट जरा लांब घे, १० सेंमीच्या आसपास. ती पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. हेड सैल ठेवून हात सोडला तरी स्कोप जागचा हलला नाही, की तोल जमला समज. स्कोपच्या पायात, म्हणजे खालच्या बैठकीत, पाव इंची स्क्रू बसतो, पण एकट्या स्क्रूवर स्कोप फिरत फिरत सैल होतो. स्क्रूशेजारी छोटी पिन असलेली प्लेट मिळाली आणि तुझ्या स्कोपच्या पायाला तिच्यासाठी भोक असलं, तर तीच घे.

मांडताना ट्रायपॉडचा एक पाय नेहमी पुढे, भिंगाच्या खाली. वरच्या मजल्यावरून खाडीकडे बघताना स्कोप पुढे झुकतो, म्हणजे भारही पुढेच. मागच्या दोन पायांवर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या आडव्या टाक. तांदूळ भरू नकोस, पावसाळ्यात किडे होतील. आणि कठड्यावर ट्रायपॉड कधीच ठेवायचा नाही, पट्टा बांधला तरी नाही. खाली माणसं चालतात.

टेबलाबद्दल मी हट्टी आहे. प्लास्टिकचं घडीचं टेबल बाद. बाल्कनीत जड लाकडी स्टूलही चालेल, फक्त चारही पाय जमिनीला टेकलेले हवेत. टेबलावर कोपर टेकू नकोस. परीक्षा सोपी आहे: दूरच्या विजेच्या टॉवरवर ४० पटीने नेम धर, स्कोपला बोटाने हलकी टिचकी मार आणि चित्र थांबायला किती वेळ लागतो ते बघ. दोन सेकंदांच्या वर गेलं तर आधी टेबल बदल, ट्रायपॉड नंतर. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की स्लॅबमधून थरथर येते, तेव्हा ट्रायपॉडला दोष देऊ नकोस!

झूम ६० पर्यंत जातो म्हणून ६० लावायचाच असं नाही. ६५ मिमीच्या भिंगाला २० पटीला सव्वातीन मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, ६० ला जेमतेम एक मिमीचा. चित्र काळवंडतं आणि बारीकसा थरारही तिप्पट मोठा दिसतो. २० वर पक्षी शोध, ३० वर ओळख. मोठ्या रोहिताची (फ्लेमिंगोची) गुलाबी चोच टोकाला काळी, छोट्याची जवळजवळ सगळीच गडद लाल. हा फरक ३० ला कळतो. उन्हं चढली की चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलते, त्यावर कुठल्याच ट्रायपॉडचा इलाज नाही. सकाळी लवकर बस, आणि आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ. ओहोटीत पक्षी लांब चिखलावर पांगलेले असतात, भरती चढू लागली की काठाकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते.

मोबाइल लावून फोटो काढायचा असेल तर मागे दोनशे-अडीचशे ग्रॅम वाढतात, म्हणून स्कोप प्लेटसकट हेडवर पुढे सरकव. दोन सेकंदांचा टायमर लाव, बटण दाबण्याचा धक्का टळतो. बाल्कनीची काच मधे ठेवू नकोस, प्रतिमा फाटते.

खाडीची खारी हवा स्क्रूंना गंज धरवते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडं कर. ट्रायपॉडचे पाय मात्र तेलाने माखू नकोस, धूळ चिकटून जाम होतात.

खरेदीआधी स्कोपच्या पायाचा खालून काढलेला फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. पिनचं भोक आहे का ते बघून कुठली प्लेट घ्यायची ते कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल