सूचना : तुरीनमधील दुहेरीचे सामने चुकवू नका

सर्व सदस्यांना नमस्कार,

इटलीतील तुरीनला होणाऱ्या एटीपी फायनल्स या टेनिस स्पर्धेत प्रत्येक सत्रात दुहेरीचा सामना एकेरीच्या आधी असतो. दरवर्षी निम्मे सदस्य एकेरीच्या वेळेला येतात आणि तोवर खरी मजा संपलेली असते. कृपया यंदा सुरुवातीपासून हजर राहा.

नवीन सदस्यांसाठी थोडेसे : आठ जोड्या, चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटातून दोन जोड्या उपांत्य फेरीत. ड्यूस (गेममध्ये 40-40 अशी बरोबरी) झाला की एकच गुण निर्णायक. सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे परतवणारी जोडी ठरवते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला तर तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक, पण दोन गुणांची आघाडी हवीच. बंदिस्त कोर्टवर वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे सर्व्हिस भेदणे (समोरच्या जोडीच्या सर्व्हिसचा गेम जिंकणे) फार अवघड. म्हणून ड्यूसचा तो एक गुण डोळ्यांत तेल घालून पाहा. नेटजवळचा खेळाडू सर्व्हिसआधी पाठीमागे हाताने खुणा करतो, त्याही पाहा.

2012 मध्ये महेश भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी पॅरिस मास्टर्स जिंकली आणि लगेच लंडनला या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, तीही बंदिस्त कोर्टवरच.

एक कळकळीची विनंती : सामना संपल्यावर 24 तास आपल्या सदस्यांच्या गटात निकाल लिहू नका. काही जण ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहतात.