कॉपरच्या जोड-अणूंचे गणित उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंधातील कॉपरच्या द्विकेंद्री (एका रेणूत कॉपरची दोन केंद्रे असलेल्या) संयुगांचे प्रकरण पूर्ण झाले. नागपूरच्या ऐन मे महिन्यात, निवृत्तीनंतरही, धरमपेठेतील आपल्या घरी आपण आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना जे शिकवलेत, त्याबद्दलचे आभार मला सर्वांसमक्ष मानायचे आहेत.

आपण सुरुवात केलीत ती कॉपर ॲसिटेटपासून. द्विसंयुजी कॉपरमध्ये एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने चुंबकीय परिबल निदान १.७३ बोर मॅग्नेटॉन (हे त्याचे एकक) यायला हवे. या निळसर-हिरव्या स्फटिकांत ते खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ भरते आणि थंड करत गेल्यास आणखी घटते. ब्लीनी आणि बॉवर्स यांनी १९५२ मध्ये स्पिन अनुनादाच्या (चुंबकीय क्षेत्रात अयुग्मित इलेक्ट्रॉन तपासण्याच्या पद्धतीच्या) आधारे कॉपरचे अयन जोडीने असल्याचे आणि त्यांचे स्पिन एकमेकांना रद्द करत असल्याचे सांगितले, आणि २.६४ अँगस्ट्रॉम अंतरावरची ती जोडी स्फटिकरचनेत १९५३ मध्ये दिसली. मोजमापावरून रचनेपर्यंत पोहोचण्याचा हा क्रम आपण किती आनंदाने सांगितलात! दोन कॉपरना जोडणाऱ्या हायड्रॉक्साइड सेतूंचे गणितही लगेच पटले: सेतूवरचा कोन सुमारे ९७.५ अंशांहून मोठा असेल तर स्पिन परस्परविरुद्ध, लहान असेल तर समांतर.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची शिकवण रेडॉक्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची, होती. व्होल्टामोग्राममध्ये (विभव बदलत मोजलेल्या विद्युतप्रवाहाच्या आलेखात) दोन पायऱ्या दिसल्या की केंद्रे एकमेकांशी बोलतात असे म्हणण्याचा मोह होतो; पण समान केंद्रांचा परस्परांवर काहीच परिणाम नसला तरी केवळ संभाव्यतेमुळे दोन पायऱ्यांच्या विभवांत सुमारे ३६ मिलिव्होल्टचा फरक पडतो, हे आपण आमच्याकडून कागदावर काढून घेतलेत. त्यापुढे दर ५९ मिलिव्होल्टला मिश्र-संयुजी रूपाच्या (एक केंद्र द्विसंयुजी, दुसरे एकसंयुजी) स्थैर्याचा स्थिरांक दहापट वाढतो. या फरकात विद्युतभार, द्रावक आणि एकसंयुजी कॉपरची चतुष्फलकी रचनेची ओढ हे सारे मिसळलेले असल्याने बळकट चुंबकीय युग्मन म्हणजे मोठा फरक, असे समीकरण मांडता येत नाही. म्हणूनच माझ्या प्रकरणात दोन्ही मोजमापांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले आहेत, आणि जिथे ते जुळत नाहीत तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

आपण पेन्सिलीने तपासून दिलेल्या आलेखांसाठी आणि प्रत्येक शंकेला दिलेल्या वेळेसाठी मी आपली ऋणी आहे. प्रकरणाची प्रत घेऊन लवकरच भेटायला येते.

आपली विद्यार्थिनी,
नागपूर