रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना डिस्चार्जच्या दिवशीच पेढे दिले, मावशींना आणि वॉर्डातल्या मामांनाही दिले. तुमची ड्युटी नेमकी नव्हती. आणि खरं सांगू, तो पाय वाचला त्यात तुमचा वाटा फार मोठा आहे. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

मोटारसायकलच्या मागच्या चाकात लेकाचा पाय गेला, तेव्हा जखम एवढी वाटलीच नव्हती. टाके घातले गेले. पण चाकाच्या तारांत चिरडलेली कातडी आधी बरी दिसते आणि चार दिवसांनी काळी पडते, तसंच झालं. काळं काढून टाकल्यावर टाचेमागचा पांढरा स्नायुबंध उघडा पडला. मांडीची साल काढून लावा ना, असं घरचे सगळे म्हणत होते. पण नुसत्या सालीला स्वतःचं रक्त नसतं, ती खालच्या मांसातून रक्त घेते. उघड्या स्नायुबंधावर ती धरणार कशी? म्हणून पोटरीची कातडी, खालच्या चरबी-पडद्यासकट आणि रक्तवाहिन्यांसकट, घोट्याजवळचं मूळ न तोडता उलटी फिरवून टाचेवर बसवली. मांडीची साल लागली ती पोटरीच्या रिकाम्या जागेला.

एवढं डॉक्टरांचं. पुढच्या रात्री तुमच्या.

बॅटरी घेऊन यायचात, ड्रेसिंगच्या खिडकीतून फ्लॅपवर, म्हणजे त्या फिरवून बसवलेल्या कातडीवर, बोट हलकेच दाबून सोडायचात आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचात. मलाही शिकवलंत: पांढराफटक पडला तर रक्त येत नाही, निळा-जांभळा झाला तर आलेलं रक्त परत जात नाही. दुसऱ्या रात्री कडा जांभळी झाली. झोपेत तो कुशीवर वळला होता आणि नेमकं मुळावरच वजन पडलं होतं. तुम्ही पाय उशीवर नीट घेतलात, पट्टी सैल केलीत, निवासी डॉक्टरांना झोपेतून उठवलंत. त्यांनी मुळाजवळचे दोन टाके सोडले. आधी काळपट रक्त आलं, मग लाल. तुम्ही मात्र ‘हं, आता ठीक’ एवढंच म्हणालात आणि पुढच्या बेडकडे गेलात.

त्याच डॉक्टरांनी ड्रेसिंगच्या वेळी लेकाला पुण्याची गोष्ट सांगितली होती. टिपूच्या सैन्याने नाक कापलेला कावसजी नावाचा गाडीवान, आणि त्याच्या कपाळाची कातडी मूळ न तोडता खाली वळवून नाक बसवणारा आपल्याकडचा कारागीर. १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं. लेक ओरडायचं विसरून विचारत होता, ‘मग त्याच्या नाकावर केस आले का?’

आता तो चालतो. टाच जरा जाड दिसते, बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला अजून बधिर आहे, त्यामुळे बूट चावला तरी त्याला कळत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज रात्री पाय बघते, खोबरेल लावते. पुढच्या तपासणीला आलो की वॉर्डात चक्कर मारू. दिवसपाळी असेल तर भेटा, पेढे आणते.

तुमची,
मोटारसायकलवाल्याची आई