पाळकसाहेब, तुम्ही थांबलात त्याबद्दल

पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तुमचा हात हातात घेतला आणि काहीच न बोलता बाजूला झाले. तोंड उघडलं असतं तर रडू आवरलं नसतं. म्हणून आता लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडू लागलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नव्हे, हे सांगून सांगून आम्ही थकलो. तिला सगळं कळतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं, पण शब्द वेळेवर ओठांवर येत नाही. मंडळी गीत गाऊ लागली की हीच आई कडव्यामागून कडवं न अडखळता गाते. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत म्हणते. पाठ असलेलं, सुरात बसलेलं सरळ बाहेर येतं. पुस्तकातलं वाक्य मोठ्याने वाचायचं झालं की मात्र घोडं अडतं.

आणि वाचणं हीच तर तिची सेवा. तिने कधी संदेश दिला नाही, समितीवर बसली नाही. शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत बायबलमधला नेमलेला उतारा, मोठ्याने वाचायची. शनिवारी रात्री घरात तोच उतारा पुन्हा पुन्हा ऐकत आम्ही भावंडं वाढलो.

तुम्ही येण्याआधी ज्यांच्या हाती कारभार होता, त्यांनी आजारपणानंतर तिचं नाव वाचकांच्या यादीतून काढलं. तिला विचारलंही नाही. मी विचारायला गेले तेव्हा उत्तरं मिळाली ती अशी: त्यांना आता विश्रांती घेऊ द्या, उपासना लांबते, लोकांना अवघड वाटतं. आम्ही प्रार्थना करतोच आहोत, असंही म्हणाले. घरी मात्र फारसं कोणी फिरकलं नाही. एक पाहुणे उपदेशक आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना विश्वास कमी पडतोय असं सुचवून गेले. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं प्रभूने स्पष्ट सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात हे लिहिलेलं असताना पुलपीठावरून बोलणाऱ्याला ते आठवू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात, भेटीला घरी आलात, आणि बाजूला बसलेल्या मला न विचारता आईलाच विचारलंत, "वाचाल का?" पुढची तयारी कशी झाली ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या काही क्षणांबद्दल.

उतारा यशयाचा 40वा अध्याय. पहिलाच शब्द 'सांत्वन', आणि आई तिथेच अडली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मंदिरात कोणीतरी खाकरलं. मागच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द हळूच पुरवलाही. मी मान खाली घातली होती, मग वर पाहिलं. तुम्ही तिच्या उजव्या अंगाला उभे होता, जो हात चालत नाही त्या बाजूला. तुमचं बोट त्या शब्दाखाली टेकलेलं होतं. तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता, मंडळीकडेही नाही, घड्याळाकडे तर नाहीच. पुस्तकात पाहत होता, आपणही तोच शब्द वाचतो आहोत असे. शब्द तुमच्या जिभेवर असणारच, पण तुम्ही तो उच्चारला नाहीत. बोट पुढे सरकलं नाही की मागे हटलं नाही. आणि मग तो आला, आईच्याच आवाजात. त्यानंतर ती वाचत गेली, थांबत थांबत, आणि ती जिथे थांबेल तिथे तुमचं बोट थांबत गेलं.

या आजारात लोक प्रेमापोटी वाक्यं पुरी करून देतात. आम्हीही देतो. पण तिच्या तोंडचा शब्द तिच्याआधी कोणी बोललं की तिचा चेहरा कसा मिटतो, हे मी रोज पाहते. तो तुम्ही मिटू दिला नाहीत.

संदेशात तुम्ही तिचं नाव घेतलं नाहीत, यासाठी वेगळे आभार. दुसऱ्या कोणी तिला धैर्याचा नमुना म्हणून उभं केलं असतं, लोकांनी डोळे पुसले असते आणि ती पुन्हा मंदिरात यायला लाजली असती. तुम्ही बाबेलच्या बंदिवासातल्या यहूदी लोकांबद्दल बोललात, आपला देव आपल्याला विसरला असं मानून बसलेल्यांबद्दल. आई तुमच्यासाठी त्या दिवसाची वाचक होती, इतकंच. तिला तेवढंच हवं होतं.

प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्रात लिहितो की वाचन, बोध आणि शिक्षण यांकडे लक्ष ठेव. त्यात वाचन पहिलं येतं. एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लोक कान देऊन ऐकत राहिले, असं नहेम्याच्या 8व्या अध्यायात आहे. इतका वेळ ऐकणाऱ्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला एका बाईचा एक शब्द येईपर्यंत दम निघत नाही! वक्ते पुष्कळ ऐकले, साहेब. अडलेल्या माणसाशेजारी न अवघडता उभा राहणारा पाळक कमी पाहिला.

नव्या यादीत आईचं नाव आहे. पाठ रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय, सगळा नावांनी आणि सलामांनी भरलेला. मी म्हटलं, दुसरा मागून घेऊ या का? तिने डाव्या हाताने पुस्तक माझ्याकडून ओढून घेतलं. तुम्ही सरावाला कधी येऊ शकाल ते कळवा, ती रोज विचारते.

तुमच्या मंडळीतली,
एका वाचक बाईंची मुलगी