सुधाकरला तळीरामाच्या आड लपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राम गणेश गडकरी आपल्या सावनेरला वारले, २३ जानेवारी १९१९ ला, वय अवघं ३३. त्यांचं दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या घराचं नाटक 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मागून, त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीनं आणलं, म्हणजे बालगंधर्वांनी केलेली सिंधू, सुधाकरची बायको, लिहिणाऱ्याला पाहायलाच मिळाली नाही. नागपूरच्या माणसाला हे नाटक घरचं वाटायला पाहिजे खरं तर. धरमपेठेत आमचा बायकांचा वाचनाचा एक छोटा ग्रुप आहे, तिथं मागच्या महिन्यात आम्ही हेच वाचायला घेतलं आणि शेवटच्या अंकाला जो वाद पेटला तो अजून व्हॉट्सॲपवर चालूच आहे, की त्यातला दारूत बुडालेला सुधाकर हिरो की व्हिलन. त्यावर मला जे म्हणायचं ते ग्रुपवर मावत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय.

अर्ध्या जणी म्हणतात, तान्ह्या लेकराचा जीव घेतला, बायकोचा घेतला, आता आणखी काय विचारायचं, व्हिलनच. उरलेल्या म्हणतात, बिचारा हुशार वकील, त्या दारुड्या तळीरामानं पहिला पेला हातात दिला नसता तर घर सोन्यासारखं होतं. मला दोन्ही पटत नाही, आणि दुसरं तर अजिबातच नाही.

तळीराम काय करतो ते नीट बघा. सुधाकर कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी वाद घालतो, वकिलीची सनद जाते, अपमान डोक्यात भिनतो, झोप उडते, आणि तेव्हा तळीराम त्याला पेला देतो. बस, एवढंच. पेला देणारा नालायक आहेच, मी त्याची वकिली करत नाही, पण त्याच्या आधीच सुधाकरच्या आत काहीतरी पेटलेलं होतं ना, तो स्वाभिमान, आपल्याला कोणी कमी लेखलं हे सहनच न होणं. तेच त्याचं मोठेपण आणि तीच त्याची खोट. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेबद्दल हेच सांगून ठेवलंय की नायक अगदी देवमाणूसही नको आणि दुष्टही नको, आपल्यासारखाच पण थोडा उंचीवरचा माणूस हवा, जो स्वतःच्या चुकीनं कोसळतो. दुष्ट माणूस कोसळला तर आपल्याला बरंच वाटतं, रडू कशाला येईल.

आणि सुधाकरला कळत नव्हतं असंही नाही. आपल्या मित्राला, रामलालला तो स्वतः समजावून सांगतो की दारू माणसाला पायरीपायरीनं कशी खाली नेते, सुरुवातीला कसं वाटतं, मग काय होतं, शेवटी माणूस कुठं पोचतो. इतकं स्वच्छ बोलतो की एखादा डॉक्टरही असं सांगणार नाही. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्याला सगळं दिसतंय तोच माणूस पुन्हा पितो. मधे एकदा सोडतो, काम मागायला जातो, लोक हिडीसफिडीस करतात आणि परत बाटलीकडे. तिथं मला त्याची फार दया येते, हे मनापासून सांगते. पण दया आली म्हणजे माफ केलं असं नाही, या दोन गोष्टी आपण काहून एकत्र करतो तेच मला समजत नाही.

मी नोकरीची बरीच वर्षं सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काढली. रात्रीच्या ड्युटीला बाई यायची, भुवई फाटलेली, हात सुजलेला, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर, बाथरूममध्ये पाय घसरला. नवरा दाराशी उभा, तोंडाला वास, आणि डोळ्यात पाणी, खरंखुरं पाणी, नाटक नव्हतं ते. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, करायची का विचारलं की बाई हात धरायची, नको सिस्टर, चांगले आहेत हो ते, संगत वाईट आहे. म्हणजे तळीरामच! सिंधू फौजदारासमोर मरता मरता नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते ना, तो प्रवेश माझ्याच्यानं वाचला जात नाही, कारण ते खोटं मी कॅज्युअल्टीत ऐकलंय, वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून, जवळपास त्याच शब्दांत.

म्हणून मी म्हणते सुधाकर नायकच आहे. त्याला व्हिलन म्हटलं की सोपं होतं, असली माणसं कुठंतरी दुसरीकडे राहतात, आमच्या गल्लीत नाही. आणि बिचारा म्हटलं की दोष तळीरामावर जातो, नाहीतर बाटलीवर. आपल्या शेजारी चंद्रपूरला २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली, दोन्ही वेळा भांडण बाटलीवरच झालं. बंदी असावी की नसावी हा वेगळा विषय आहे, पण घरात उगारलेला हात बाटलीचा नसतो.

कर्णाचंही आपण हेच करतो. सूतपुत्र म्हणून झालेले अपमान सगळ्यांना पाठ, कवचकुंडलं पाठ, चाक रुतलं तेव्हा डोळे भरतात, माझेही भरतात. पण द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि दुःशासनाला तिची वस्त्रं ओढ म्हणून सांगणारा कोण होता, ते कोणी काढलं की लोक चिडतात.

जाता जाता एक विनंती. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात या नाटकातले तुकडे दाखवतात तेव्हा बहुतेक तळीराम आणि त्याच्या दारुड्यांच्या टोळक्याचे, आर्य मदिरा मंडळाचे विनोदी प्रवेश घेतात, पोरं हसतात आणि घरी जातात. येत्या २३ जानेवारीला सावनेरला किंवा नागपुरात कोणी वाचन ठेवणार असेल तर शेवटचा भाग पूर्ण वाचा, दळण दळून घर चालवणाऱ्या सिंधूपासून सुधाकर दारूत विष घालून पितो तिथपर्यंत, काही न गाळता. वाचायला माणूस कमी पडला तर आमच्या ग्रुपच्या बायका येतील, सिंधूचं मी वाचते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, धरमपेठ, नागपूर